सोबत कोण आहे?

माझी बहीण कौसर काय काम करते, हे लोकांना समजावण्यात माझा फार वेळ जातो. मी रिक्षाच्या सीटा शिवतो. द्वारका सर्कलजवळ दुकान आहे, नौशाद सीटवाला म्हणून कुणालाही विचारा. माझं काम एका वाक्यात संपतं. कौसर डिझायनर आहे म्हटलं, की शेजारच्या बायका ब्लाउजपीस घेऊन येतात. मग मला सांगावं लागतं, की ती कपड्यांची डिझायनर नाही. ज्याला वाचता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, पायऱ्या चढवत नाहीत किंवा नुसतीच भीती वाटते, अशा माणसालाही कुणाचा हात न धरता वापरता येतील अशा गोष्टी ती तयार करते. एवढं ऐकून समोरचा विचारतो, "म्हणजे सरकारी नोकरी का?" मी हो म्हणून टाकतो.

हे सगळं मी लिहितोय आणि कौसर शुद्धलेखन तपासतेय. मी उर्दू शाळेत शिकलो, माझं मराठी गिऱ्हाइकांनी शिकवलेलं. तपासता तपासता तिनं स्वतःबद्दलची काही वाक्यं उडवली होती. ती मी पुन्हा घातली आहेत.

आम्ही मूळचे मऊचे. उत्तर प्रदेशातलं ते विणकरांचं गाव. आमचे अब्बा, सलाउद्दीन, आधी मालेगावला लूमवर आले. तिथं काम मंदावलं तसे नाशकात आले आणि माग सोडून गाद्या-सीटांकडे वळले. अम्मी त्यांच्या मागून आली. मी आणि कौसर इथलेच. मला उर्दू शाळेत घातलं. कौसरच्या वेळी तिथं जागा नव्हती, म्हणून तिला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मराठी शाळेत टाकलं. एवढ्याशा कारणानं ती आमच्या सगळ्या घराचं तोंड झाली.

रेशनचं दुकान, बँक, वीजबिलाची खिडकी, माझ्या शाळेतला दाखला, सगळीकडे अम्मीच्या अर्धं पाऊल पुढे कौसर. दोन वेण्या, नाक वर. साहेब अम्मीकडे बघून विचारायचे आणि उत्तर खालून यायचं. अम्मीला मराठी येत नव्हतं असं नाही. भाजीबाजारात ती मराठीत भांडते आणि जिंकते. पण टेबलामागे कुणी बसलेलं दिसलं, की तिची जीभ टाळूला चिकटते. परक्या गावातून आलेल्या माणसाला टेबलाचं एक भय असतं. आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि आपल्याला परत पाठवतील, असं काहीतरी. कुठं परत पाठवतील, ते कुणी विचारू नये.

कौसर तिसरीत असताना अम्मीला काहीतरी बायकांचं दुखणं होतं. ते तिनं घरी कौसरच्या कानात सांगितलं, हे दवाखान्यात सांग म्हणून. तिथं डॉक्टर पुरुष, रांगेत लोक. कौसरला अर्धं कळलं नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्याची लाज वाटली. ती म्हणाली, "अम्मीचं पोट दुखतं." डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि घरातल्या सगळ्यांनी घ्या म्हणाले. आम्ही सगळ्यांनी घेतलं. अब्बांनीसुद्धा, तोंड वाकडं करून. अम्मीचं दुखणं मात्र तसंच राहिलं, आणि तिनं ते पुढं कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही.

ही गोष्ट घरात हसत सांगितली जाते. कौसर हसत नाही. कॉलेजला गेल्यावर तिला कधीतरी कळलं, की आपण काय सांगायचं होतं आणि काय सांगितलं. तेव्हापासून तिचं एकच चाललंय : कुणाचंही दुखणं त्याच्या लेकराच्या तोंडातून जायला नको. हे वाक्य ती मुलाखतीत म्हणते तेव्हा लोक गंभीर होतात. मी ऐकलं, की मला जंताच्या औषधाची चव आठवते.

आता मुद्द्याचं. कॉलेज रोडवर तेजस्विनी नावाच्या बाईंचं डिझाइनचं ऑफिस आहे, तिथं कौसर कामाला होती. त्यांना एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं काम मिळालं. गेटपासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पेशंट एकटा गेला पाहिजे, कुणाला काही न विचारता. जमिनीवर रंगीत पट्ट्या, चपलेतूनही जाणवतील अशा खरबरीत. प्रत्येक विभागाला चित्र. साखरेच्या विभागाला पहिल्यांदा कौसरनं फुली मारलेली जिलेबी काढली होती. लोक ती पट्टी धरून कॅन्टीन शोधायला लागले. मग सुई टोचलेलं बोट काढलं.

त्यांच्या धंद्यात म्हणे आधी एक काल्पनिक माणूस लिहून काढतात. कोण आहे, कशाला घाबरतो, हातात काय धरतो. कौसरनं लिहिली होती नवसाबाई. राहणार चांदवड, कांदे निवडायला जाते, साखरेचा त्रास. मी सहज वाचायला घेतलं. नवसाबाई चहा बशीत ओतून पिते. नवसाबाई पाटी वाचत नाही, वळण लक्षात ठेवते. नवसाबाईला राग आला, की ती आधी चप्पल काढते आणि मग विचार करते.

"ही चांदवडची?" मी म्हणालो. "हिला मी ओळखतो. हिनं मला मारलंय."

कौसरनं कागद हिसकावून घेतला. हे वरचं वाक्य तपासताना तिनं दोनदा खोडलं होतं.

काम चांगलं झालं होतं, अडचण एकच होती. अशी वस्तू तयार झाली, की खऱ्या माणसाला तिथं सोडतात आणि बाकीचे गप्प बघत बसतात. माणूस चुकला तरी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. आणि हेच कौसरला जमत नव्हतं. पहिल्या चाचणीला एका म्हाताऱ्या बाबांनी पाऊल उचललं नाही तोच ती म्हणाली, "बाबा, हिरव्या पट्टीवरून." दुसऱ्या वेळी तिनं दात आवळून धरले, पण हनुवटीनं दिशा दाखवली. तेजस्विनी म्हणाल्या, "कौसर, तुझी हनुवटीसुद्धा बोलते." जन्मभर दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसं उत्तर काढून घ्यायची सवय. ज्या सवयीमुळे ती या धंद्यात आली, तीच सवय धंद्याच्या आड येत होती.

"तोंडात पाणी धरून बस," मी गमतीनं म्हणालो. कौसरनं ते मनावर घेतलं. तिला गंमत कळत नाही, हे मी लहानपणापासून सांगतोय.

याच सुमारास तिला बंगळूरहून बोलावणं आलं. मोठी कंपनी, मोठं काम, तिला हवं होतं अगदी तेच. त्यांना त्या आठवड्यात उत्तर हवं होतं. कौसरनं घरात कुणाला सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "मी नाही म्हणणार आहे. अम्मीला दर महिन्याला दाखवायला कोण नेणार?"

"मी काय मेलोय?"

"भाई, मागच्या वेळी तू तिला दवाखान्यात सोडून सीटचं रेक्झिन घ्यायला गेलास."

ते खरं होतं. मी विषय बदलला. आणि घरी येऊन अम्मीला सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे कौसरला माहीत असायला हवं होतं. अब्बा वारल्यापासून त्या दोघी एकमेकींना अशा धरून होत्या, की कोण कुणाला सांभाळतंय ते कळत नव्हतं. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं. तांदूळ निवडत राहिली.

शेवटच्या चाचणीला ट्रस्टचे लोक येणार होते. पेशंट म्हणून निफाडच्या लंकाबाई ठरल्या होत्या. ऐन वेळी त्यांचा फोन आला, की द्राक्षांची काढणी लागलीय, व्यापारी बांधावर बसलाय, मी काही येत नाही. तेजस्विनींनी घरी फोन केला तो अम्मीनंच उचलला. कौसर आंघोळीला गेली होती.

"मी येते," अम्मी म्हणाली.

कौसर ओल्या केसांनी बाहेर आली. अम्मी नको म्हणून तिनं फार आकांडतांडव केलं. अम्मी घाबरेल, अम्मीला चक्कर येईल, अम्मी घरची आहे, हे नियमात बसत नाही. खरी भीती मला दिसत होती. अम्मीला जमलं नाही, तर कौसरचं सगळं काम पाण्यात. आणि जमलं, तर घरी राहायला तिच्याकडे काही कारण उरणार नाही. अम्मी तोवर चप्पल घालून दारात उभी होती.

तर गेटपाशी सगळे. ट्रस्टचे लोक हाताची घडी घालून. तेजस्विनी हातात पेन घेऊन. कौसर गाल फुगवून, तोंडभर पाणी. मी अम्मीला स्कूटरवरून उतरवलं आणि बाजूला झालो. तेजस्विनी म्हणाल्या, "काकू, तुम्हाला साखर तपासायची आहे असं समजा. बाकी आम्ही काही सांगणार नाही."

"समजायचं कशाला? मला हाय ना साखर," अम्मी म्हणाली. टेबल नव्हतं, म्हणून बोलली.

गेटातल्या टोकनच्या मशिनपाशी तिनं बोटाचं चित्र बघितलं, दाबलं. टोकन आलं. एका कोपऱ्याला खाच असलेलं जाड कागदाचं टोकन, हिरवं. अम्मीनं ते उलटसुलट करून बघितलं आणि हिरव्या पट्टीवरून चालायला लागली. वळणावर क्षणभर थांबली आणि मागं बघितलं. कौसरकडे. मी बहिणीचा चेहरा पाहिला. डोळे मोठे झालेले, गाल ताठ. हनुवटी तिनं चक्क हातानं धरून ठेवली होती. अम्मीनं पाय घासून खरबरीत पट्टी शोधली आणि बरोबर वळली. तेजस्विनींनी पेननं काहीतरी लिहिलं. ट्रस्टच्या एका गृहस्थांनी मान डोलावली.

डॉक्टरांच्या दाराशी एक पेटी होती. पेटीवर चित्र : एक हात टोकन आत टाकतोय. टोकन टाकलं, की आत कळतं, आणि पाळी आली की दारावर दिवा लागतो, घंटा वाजते. अम्मीनं चित्र बघितलं. तिला ते समजलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. टोकन पेटीच्या फटीपर्यंत गेलं. आणि परत आलं.

इथं मला कळलं काय होणार ते. आमच्या घरात अब्बांचा एक नियम होता : असली, म्हणजे मूळ, कागद हातातून सोडायचा नाही. द्यायची ती झेरॉक्स. दुसऱ्या मुलखात आलेल्या माणसाकडे जमीन नसते, ओळख नसते, असतात ते कागद. कुणीही कधीही विचारेल, कुठून आलात, कधीपासून आहात. त्यामुळे आमच्याकडे मालेगावच्या भाड्याच्या पावत्या आहेत, बंद पडलेल्या गॅसचं कार्ड आहे, अब्बांचं एसटीचं तिकीटसुद्धा आहे. सगळं अम्मीच्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी अम्मीच्या काखेत. कौसरनं नवसाबाईचं चहा पिणं लिहिलं, चप्पल लिहिली. हे लिहायला मात्र विसरली, कारण तिला हे सांगण्यासारखं काही वाटतच नाही. तिच्या स्वतःच्या पर्समध्ये शाळेच्या ओळखपत्राच्या तीन झेरॉक्स आहेत.

अम्मीनं मान वर केली, आजूबाजूला बघितलं, आणि वळून हिरव्या पट्टीवरूनच परत निघाली. आमच्या समोरून, कुणाकडेही न बघता, थेट गेटबाहेर. ट्रस्टचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे सगळी मंडळी गपचूप तिच्या मागं. अम्मी पुढे, रस्ता ओलांडून, आणि मागं वरात. माझी बहीण सगळ्यांत शेवटी, गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी. तोंडातलं मात्र तिनं सांडलं नाही.

समोर स्टेशनरीचं दुकान होतं. अम्मीनं टोकन पुढं केलं. "भाऊ, याची झेरॉक्स."

तेजस्विनींनी डोळे मिटले.

झेरॉक्स घेऊन अम्मी परत आली, चित्रात दाखवलं तसं हात वर करून तिनं ती पेटीत टाकली आणि बाकावर बसली. टोकन पिशवीत, पिशवी काखेत. दिवा लागला नाही. पेटीला झेरॉक्स कळत नव्हती. मंडळी अवघडून उभी. थोडा वेळ वाट बघून अम्मी उठली आणि तिनं सरळ दार उघडलं.

आत टेबल. टेबलामागे डॉक्टर.

मी मनात म्हटलं, संपलं. अम्मी उंबऱ्यात उभी राहिली. डॉक्टरांनी वर बघितलं, मग अम्मीच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि सवयीनं विचारलं, "सोबत कोण आहे?"

त्यांची नजर कौसरवर होती. सगळे डॉक्टर असंच बघतात. म्हाताऱ्या बाईच्या मागे एखादी शिकलेली मुलगी दिसली, की हायसं वाटतं त्यांना. कौसरचा पाय उचलला गेला, ते अर्धं पाऊल. तोंड उघडायला आलं. तोंडात पाणी होतं. तेवढ्या वेळात अम्मी बोलली.

"सोबत मीच हाय," ती म्हणाली. पिशवी काखेत घट्ट. "मला सांगा. हळू सांगा, मला समजतं."

आणि तिनं मागं हात करून दार लावून घेतलं.

आम्ही बाहेर. कौसरनं पाणी गिळलं, आणि मग तिथंच बाकावर बसून रडायला लागली. मला माझ्या अम्मीचा इतका अभिमान वाटला, की काय करावं ते सुचेना, म्हणून मी ट्रस्टच्या लोकांना चहा विचारला. ते त्यांचंच हॉस्पिटल होतं.

अम्मी बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"काय बोललीस एवढं आत?" कौसरनं नाक पुसत विचारलं. घरातल्या बोलीत, म्हणजे आमच्या हिंदीत.

"ते माझं आणि डॉक्टरांचं." अम्मीनं पिशवी नीट काखेत धरली. "आणि ऐक. त्या बंगळूरवाल्यांना हो म्हण."

कौसरनं माझ्याकडे जे बघितलं, ते मी लिहीत नाही. तेही तिनं खोडलंच असतं.

पुढं कौसरनं टोकन दोन भागांचं केलं. अर्धं फाडून पेटीत टाकायचं, अर्धं पेशंटकडे राहणार. लोक म्हणे आता जास्त निवांत बसतात. ट्रस्टवाल्यांनी विचारलं, अजून काही बदल? कौसर म्हणाली, डॉक्टर. ते काही बदलता येईनात, म्हणून तिनं खोलीतल्या खुर्च्या हलवल्या. पेशंटची खुर्ची डॉक्टरांच्या अगदी समोर, आणि सोबत आलेल्याची भिंतीला लावून, मागं. आता मान वाकडी केल्याशिवाय डॉक्टरांना सोबतचा माणूस दिसत नाही. पेशंट बोलतात. अम्मी तर इतकी बोलते, की मागचे लोक घंटा का वाजत नाही म्हणून विचारतात. मला ती आत येऊ देत नाही. मी स्कूटरपाशी उभा राहतो आणि रेक्झिन आणायला जात नाही.

कौसर बंगळूरला गेली. निघताना तिनं अम्मीला दहा सूचना केल्या, आणि अम्मीनं तिच्या पर्समध्ये आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा कोंबला. मी मध्ये उभा राहून दोघींना हसत होतो. दोघी माझ्यावर चिडल्या, त्यामुळे कुणाला रडावं लागलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि कौसरचा फोन आला. आवाज बसलेला. ताप होता तिला, अंग मोडून आलेलं, आणि ती तिथल्या घराजवळच्या छोट्या दवाखान्यात एकटी गेली होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"भाई, सिस्टर कानडीत बोलतायत. मला एक अक्षर कळत नाही. इंग्रजी, हिंदी, सगळं करून बघितलं. एकच प्रश्न परत परत विचारतायत आणि माझ्या मागं बघतायत." ती खोकली. "मागं कुणी नाहीये, भाई. मी नुसती उभी आहे. तोंडात पाणी भरल्यासारखी."

जिनं जगाला न बोलता चालायला शिकवलं, ती माझी बहीण. मला हसू आलं, पण मी ते तिला ऐकू दिलं नाही. चिडवायला इतकी चांगली संधी होती, आणि मी ती सोडली.

अम्मीनं हात धुतले. उठली. डोक्यावरून ओढणी नीट घेतली, दवाखान्यात जाताना घेते तशी, आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"कौसर, सिस्टरला दे फोन."

"अम्मी, त्यांना मराठी येत नाही."

"तू दे."

तिकडून कुणीतरी भराभर काहीतरी विचारलं. अम्मीनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ताठ उभी राहून, भाजीबाजारातल्या आवाजात, अगदी सावकाश म्हणाली, "हां सिस्टर, बोला. मी हाय तिच्यासोबत."